संथ लयीचा योगाभ्यास: वेग कमी केला की शरीरात नेमकं काय बदलतं

परभणीच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. वय ४७. कॉलनीतल्या बायकांच्या गटात त्या रोज पहाटे २४ सूर्यनमस्कार घालतात, तेही बारा मिनिटांत. हल्ली दोन्ही मनगटं आणि उजवा खांदा दुखतो. कुणी सुचवलं की श्वासाच्या लयीत, संथपणे करा. गटातल्या दुसऱ्या एकीचं म्हणणं, तो म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम, त्यानं घामसुद्धा येत नाही. मग संथ करण्यात खरोखर काही फायदा आहे का, आणि करायचंच तर कसं?

ताई, फायदा आहे आणि तुमच्या दुखण्याचं बरंचसं कारणही वेगातच दिसतंय. बारा मिनिटांत २४ म्हणजे एक नमस्कार ३० सेकंदांत. त्यात स्थिती बारा, म्हणजे एकेका स्थितीला अडीच सेकंद. एवढ्या वेळात शरीर एका आसनातून दुसऱ्यात जात नाही, फेकलं जातं. पाय मागे फेकला जातो, छाती जमिनीवर आदळते, मान झटक्यात वर येते. स्नायूंनी करायचं काम झोक करून टाकतो आणि तो झोक थांबवायचं काम सांध्यांवर येतं. दंडाच्या स्थितीतून, म्हणजे हातांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ पेललेलं असताना, तुम्ही अर्ध्या सेकंदात खाली जाता तेव्हा तुम्हाला अडवतं ते मनगट आणि खांद्याचा पुढचा भाग. दिवसाला २४ वेळा.

हेच खाली जाणं चार सेकंदांत करून बघा. दंडाचा मागचा स्नायू, छाती, पोट आणि खांद्याचं पातं बरगड्यांना धरून ठेवणारा काखेखालचा स्नायू, सगळ्यांना जागं व्हावं लागतं. स्नायू लांबत असताना वजन पेलतो, आणि अशा कामानं ताकद फार चांगली वाढते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांनाही ते मानवतं. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड आणि छाती ठणकेल. ते ठणकणं स्नायूच्या मध्यभागी असेल तर घाबरू नका, चार दिवसांत जातं. सांध्यात, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी टोचत असेल, तर तिथे थांबायचं.

दुसरी गोष्ट लवचिकतेची. पटकन खाली वाकून पायाला हात लावला की मांडीमागच्या शिरा मोकळ्या होतात, असा समज आहे. उलट होतं. स्नायूच्या आत त्याची लांबी आणि लांबण्याचा वेग टिपणारे ग्राहक असतात. स्नायू झटक्यात ताणला की तो फाटू नये म्हणून ते त्याला लगेच आकसायला लावतात. म्हणून वर्षानुवर्षं भराभर पादहस्तासन करणाऱ्यांचे गुडघे सरळ होत नाहीत. तिथे २० ते ३० सेकंद शांत राहिलं, श्वास सोडताना थोडं सैल झालं, की तोच स्नायू सोडून देतो.

तिसरी श्वासाची. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. हे प्रत्येकाच्या शरीरात चाललेलंच असतं. मनगटावर नाडी धरून लांब श्वास सोडा, जाणवेल. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला आणि सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवलं, की हृदयाला शांत करणाऱ्या मज्जातंतूचं काम वाढतं आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त चपळ होते. रक्तदाबात थोडी घट दिसते, झोप सुधारते. थोडी, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायची नाही.

जुनाट कंबरदुखीचंही असंच. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं २०१७ साली जुनाट कंबरदुखीवर औषधाआधी करून बघायच्या उपायांत योग घेतला. त्यानं पडणारा फरक मध्यम असतो आणि तो टिकवायला अभ्यास चालू ठेवावा लागतो.

आता तुमच्या मैत्रिणीच्या घामाविषयी. एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तुलनेत साध्या हठयोगात शरीर साधारण अडीचपट ऊर्जा खर्च करतं, सूर्यनमस्कारात सव्वातीनपट, झपाझप चालण्यात साडेतीन-चारपट किंवा जास्त. त्यामुळे वजन उतरवायचं असेल तर संथ योगाच्या भरवशावर राहू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. त्यासाठी चालायला जा. पण संथ म्हणजे सोपं, हे मात्र चूक. पर्वतासनात, म्हणजे हात-पाय टेकलेले आणि कंबर वर उचललेली अशा स्थितीत, पाच लांब श्वास थांबा आणि चार सेकंद मोजत छाती खाली आणा. मे महिन्यातल्या परभणीत तर सोडाच, डिसेंबरच्या थंडीतही कपाळ ओलं होतं. आणि ‘योगानं शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात’, ‘गळा दाबला की थायरॉइड बरा होतो’ असे जे दावे फिरतात, ते कृपा करून कुणाला पुढे सांगू नका. त्यापायी लोक औषध सोडतात.

परंपरेत संथपणा बसतो का, असंही पुष्कळजण विचारतात. योगसूत्रात आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ अशी आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करायला सांगितलं आहे. सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून घरोघरी नेले ते औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्यांचा हेतू बलोपासनेचा, त्यात संख्येला महत्त्व होतं. श्वास आणि हालचाल धाग्यात ओवल्यासारखी जोडून शिकवण्याची पद्धत त्याच सुमाराला म्हैसूरला योगशिक्षक कृष्णम्माचार्यांकडे आकाराला आली. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि आसनांचे, श्वासाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले. दोन्ही वाटांना आपल्याकडे आधार आहे. रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर माईकवरच्या आकड्यांबरोबर शेकडो मुलं नमस्कार घालतात, ते छानच आहे. पण तो वेग माईकवाल्याच्या आवाजाचा असतो. रोजचा वेग स्वतःच्या श्वासाचा असावा.

आता कसं करायचं. पोट रिकामं हवं. जेवणानंतर किमान साडेतीन-चार तास. पहाटे कपभर चहा झाला असेल तर अर्धा तास थांबा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि गच्ची रात्रभर धग सोडत असते, तेव्हा साडेसहाच्या आत आटपा किंवा खालच्या मजल्यावर करा. फरशीवर नुसती सतरंजी अंथरू नका, ती सरकते आणि सरकणारा पाय आवरताना जांघेचा स्नायू दुखावतो. सहा मिलिमीटर जाडीची मॅट पुरते. जोडीला जुन्या कापडात घट्ट गुंडाळलेल्या दोन विटा, एक जाड चादर, एक टॉवेल.

आधी श्वास. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, एक हात पोटावर. नाकानं चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. घड्याळात मिनिटाला सहा-सात श्वास झाले पाहिजेत. गुदमरल्यासारखं वाटलं तर तीन आणि चारवर या. श्वास कुठेही रोखायचा नाही. दोन मिनिटं हे केल्यावर चार पायांवर या आणि मार्जारासनाच्या आठ फेऱ्या करा: श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ वर. पाठ माकडहाडापासून एकेका मणक्यानं हलू द्या, मान सगळ्यात शेवटी. बहुतेकांची मान आधी उडते आणि कंबर जागची हलत नाही, तिकडे लक्ष ठेवा. थंडीच्या दिवसांत ही तयारी पाच मिनिटांनी वाढवा.

मग नमस्कार. हालचाल श्वासासोबत सुरू व्हावी आणि श्वासासोबतच संपावी, एवढा एकच नियम. हालचाल आधी संपली तर तुम्ही घाई करताय.

हात वर नेऊन मागे झुकताना कंबरेतून मोडू नका. टाचा जमिनीत रुजवा, नितंब किंचित आवळा, छाती आधी वर आणि मग मागे. कंबरेत चिमटा बसला तर मागे जाऊच नका, हात वर पुरेत. पुढे वाकताना गुडघे मोकळेपणी दुमडा, पोट मांडीला टेकू द्या, हात विटांवर. इथे दोन श्वास थांबा. ताण मांडीच्या मधोमध जाणवावा. बसायच्या हाडापाशी खेच आली तर लगेच सैल व्हा, ती कंडरा एकदा दुखावली की महिनोन् महिने बरी होत नाही.

अश्वसंचालनासनात पाय मागे फेकण्याऐवजी दोन लहान पावलांत न्या. पुढच्या पायाची नडगी उभी राहिली पाहिजे आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. तो आत कोसळतो, विशेषतः बायकांमध्ये, आणि मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. मागचा गुडघा टेकवा, खाली चादरीची घडी ठेवा. दोन श्वास.

पर्वतासनात पाच श्वास. टाचा टेकवायच्या नादात पाठ गोल होते, म्हणून आधी गुडघे वाकवून कंबर लांब करा, मग जमेल तेवढेच पाय सरळ. तुमच्या मनगटांचा प्रश्न सोडवायची जागा हीच आहे. हात टेकल्यावर तळहाताखाली दुसऱ्या हाताचं बोट घालून पाहा. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मुळाशी ते सहज सरकलं, तर सगळं वजन करंगळीकडच्या कडेवर आणि मनगटावर पडतंय. बोटं पसरा, मनगटाची वळी मॅटच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा, तर्जनीचं मूळ आणि सगळ्या बोटांची पेरं जमिनीत दाबा, जणू माती घट्ट धरायची आहे. दंडाच्या स्थितीत खांदे मनगटांच्या फार पुढे जाऊ देऊ नका. तरीही दुखलं तर टॉवेलची गुंडाळी मनगटाकडच्या तळहाताखाली ठेवा, मनगटाचा कोन कमी होतो. तेही सोसत नसेल तर तीन आठवडे मुठींवर किंवा कोपरांवर करा.

खाली जाताना गुडघे आधी टेकवा. मग श्वास सोडत, मनातल्या मनात चार मोजत, कोपरं बरगड्यांजवळ ठेवून छाती आणि हनुवटी खाली. पारंपरिक पद्धतीत इथे श्वास बाहेर रोखतात, तुम्ही रोखू नका. खांदा कोपराच्या पातळीखाली गेला की खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. तुमचा उजवा खांदा दुखतोय, त्यामुळे तिथपर्यंत जायच्या आत पोट टेकवून घ्या. भुजंगासनात हातांनी ढकलून वर येऊ नका. पाठीच्या ताकदीनं जेवढं येता येईल तेवढंच या आणि तळहात इंचभर उचलून बघा. छाती धपकन खाली आली, तर हात फसवत होते. दोन श्वास.

परत येताना पाय दोन्ही हातांच्या मधे पोहोचत नाही, ही सगळ्यांची तक्रार. हातांखाली विटा घ्या, श्वास पूर्ण सोडा, पोट आत ओढा आणि मग पाय आणा. कमी पडला तर एक पाऊल अजून. पुढच्या गुडघ्यावर हाताचा जोर देऊन उठायचं मात्र नाही.

असा एक नमस्कार साधारण तीन मिनिटांचा होतो. सुरुवातीला चारच घाला, दोन उजव्या पायानं, दोन डाव्यानं. तीन आठवड्यांनी सहा. त्यापुढे संख्या वाढवू नका. थांबण्याचे श्वास वाढवा. वेग वाढला हे कळायची खूण म्हणजे तोंडानं श्वास सुरू होणं. तोंड उघडलं की शशांकासनात (टाचांवर बसून कपाळ जमिनीला) जाऊन पाच श्वास विश्रांती, मग पुढे.

नमस्कारांनंतर वीरभद्रासन (एक पाय पुढे गुडघ्यात वाकवून, दुसरा मागे सरळ) दोन्ही बाजूंनी, पाच-पाच श्वास. मग पाठीवर झोपून सेतुबंधासन, म्हणजे गुडघे दुमडून कंबर वर उचलणं, सहा वेळा. यात वर जाणं सोपं आहे, खरं काम परत येण्यात. वरचा मणका आधी टेकवायचा, मग त्याखालचा, कंबर सर्वात शेवटी. खाली यायला एक पूर्ण श्वास सोडण्याएवढा वेळ. मधले काही मणके गठ्ठ्यानं एकदम टेकतात, बहुतेक कंबरेच्या वरच्या भागात. तो भाग आखडलेला आहे असं समजा आणि तिथे आणखी हळू व्हा. त्यानंतर गुडघे दुमडून एकेका बाजूला पीळ, आणि शवासन आठ ते दहा मिनिटं. शाळेची घाई आहे म्हणून शवासन गाळू नका, वाटल्यास एक नमस्कार कमी घाला. डिसेंबरात अंगावर चादर घ्या, कारण घाम वाळला की अंग पटकन गार पडतं आणि स्नायू पुन्हा आवळतात. सगळं मिळून ४० मिनिटं. आठवड्यातून चार दिवस पुरे, उरलेले दिवस चालणं.

कुणाचं शरीर कशानं थकलंय हे बघून भर बदलावा लागतो, आणि आपल्या भागात हा फरक मोठा आहे. कापूस वेचणारी बाई दिवसभर कंबरेतून वाकलेली असते. तिला संध्याकाळी पुढे वाकायची आसनं देऊच नयेत; पाठीवर झोपून गुडघे हलवणं, सेतुबंध, भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडून राहणं, एवढं बस. खुरपणी करणाऱ्यांचे खुबे मोकळे असतात, पण खांदे पुढे आलेले आणि वरची पाठ गोल. तुमचं वेगळं: फळ्यावर लिहिताना उजवा हात तासन्‌तास खांद्याच्या वर, उरलेला वेळ खुर्ची, येता-जाता स्कूटी. खुबे आखडलेले, उजवा खांदा दमलेला. म्हणून तुमच्यासाठी अश्वसंचालनाला जास्त श्वास द्या. शिवाय दिवसातून दोनदा दाराच्या चौकटीला कोपरापासून हात टेकवून छाती पुढे, दर खेपेला पाच श्वास.

काही जणांनी जपून. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं वगळा, त्यात डोळ्यातला दाब वाढतो. पर्वतासनाऐवजी भिंतीला हात टेकवून पाठ लांब करा. रक्तदाब आटोक्यात नसेल तरी हाच बदल. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी पहाटे उपाशीपोटी लांब अभ्यास करण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि जवळ गूळ किंवा साखर ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर तो व्यायामाचा घाम समजू नये. कंबरेतून पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल तर पुढे वाकणं बंद आणि आधी तपासणी. गरोदरपणात हा क्रम जसाच्या तसा करू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी शशांकासनात मांडी आणि पोटरीच्या मधे चादरीची घडी घालावी.

तुमच्या खांद्याची एक चाचणी आजच करा. उजवा हात पाठीमागे वळवून, ब्लाउजची मागची गाठ बांधताना नेतो तसा वर न्या, आणि डाव्या हाताशी तुलना करा. मग कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेर फिरवा. दोन्ही हालचालींत उजवा बराच मागे पडत असेल, आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर हा नमस्कारांच्या वेगाचा त्रास नसून खांदा गोठायला लागलेला असू शकतो. चाळिशी ते साठीत हे बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, मधुमेह असलेल्यांत तर आणखी. तसं आढळलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्तातली साखर तपासून घ्या आणि तोवर हातांवर वजन येणारी सगळी आसनं थांबवा. श्वास, सेतुबंध, झोपून घेतलेला पीळ आणि शवासन चालू ठेवायला हरकत नाही. दोन्ही हात सारखे फिरत असतील तर वर सांगितलेल्या क्रमानं चार नमस्कारांपासून सुरुवात करा, आणि सहा आठवड्यांत मनगट-खांद्याचं दुखणं निम्म्यावर आलं नाही तर तेव्हाही दाखवून घ्या. गट सोडायची गरज नाही. त्या २४ घालतील तेवढ्या वेळात तुमचे चार पूर्ण होतील.